जाहिरातींनंतरचं पान

ती कादंबरी गावाच्या गळ्यात मी मारली. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. लेखक वारला, प्रकाशक लांब शहरात बसलाय, आणि वाचणाऱ्यांचं म्हणाल तर त्यांनी मी दिलं ते वाचलं. एकतीस वर्षं मी या वाचनालयात बसते आणि लोकांनी काय वाचावं ते सांगते. विचारलं तर सांगते, नाही विचारलं तर जरा जास्तच सांगते.

आमच्याकडे एक पद्धत आहे, ती मीच पाडलेली. एखादं पुस्तक मनापासून आवडलं की मी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार ओळी लिहिते, खाली सही ठोकते आणि ती चिठ्ठी पुढच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवते. शेवटची ओळ ठरलेली: ‘न आवडल्यास माझ्याशी येऊन भांडावे.’ लोक येतातही भांडायला. एकदा एका डॉक्टरीणबाईंनी चार पेशंट बाहेर ताटकळत ठेवून माझ्याशी एका राणीच्या स्वभावावरून अर्धा तास वाद घातला होता. इतिहासाच्या कपाटावर तर माझंच राज्य. लढाया, तह, राजघराणी, साथी, बुडालेली जहाजं, सगळं तिथे आहे. कादंबरी असो की सरळ इतिहास, त्या कपाटापासून कुणी रिकाम्या हाताने परत गेलेलं मला खपत नाही.

तर त्या कादंबरीवरची माझी चिठ्ठी अशी होती: ‘ही नुसती कादंबरी नाही, हा आपल्या गावाचा इतिहास आहे. सुरू कराल तर जेवायचं विसराल.’ चार प्रती, चारही प्रतींवर तीच चिठ्ठी. बारा वर्षांत त्या चार प्रती दोनशे चौदा घरांत जाऊन आल्या. हा आकडा मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. आता तो आठवला की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

कादंबरी आमच्या पुरावरची. शंभर वर्षांपूर्वी, भर दुपारी, वरच्या धरणाचं पाणी खालच्या आळीत शिरलं आणि त्रेसष्ट माणसं गेली. त्यांची नावं पुलाजवळच्या दगडावर कोरलेली आहेत. सगळ्यात शेवटचं नाव धरणाच्या दरवाजांवर कामाला असलेल्या माणसाचं. कादंबरीत हा माणूस एका डोळ्याने आंधळा आहे, सगळे त्याला एकडोळ्या म्हणतात, आणि तो गिरणीमालकाकडून सोन्याची साखळी घेऊन सगळे दरवाजे एकदम उघडतो, म्हणजे गिरणी वाचावी आणि पाणी गरिबांच्या अंगावर जावं. काय लिहिलंय ते पान! वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी पुस्तक छातीशी धरून रडले होते. पन्नाशीला टेकत आलेली बाई, चष्म्यासकट रडले होते.

मागच्या महिन्यात घड्याळवाले काका माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, पुलाच्या तोंडाशी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, आणि वाचनालयाचे ते माझ्याहून जुने सभासद. डोळ्याला भिंग लावून दिवसभर काम करतात. शाळेतली पोरं दुकानावरून जाताना ‘एकडोळ्या, एकडोळ्या’ म्हणून ओरडतात हे मला माहीत होतं. पोरं कुणालाही काहीही म्हणतात, असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं. धरणावरचा तो माणूस काकांचा सख्खा आजा, हेही मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. बारा वर्षांत ते एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही, आणि याची चीड मला आजही दुसऱ्या कशाहीपेक्षा जास्त आहे.

त्यांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. नगरपालिकेची नोटीस होती. पुराला शंभर वर्षं होतायत म्हणून पुलाजवळ नवा दगड बसणार, जुन्यावरची नावं त्यावर कोरणार. पण एक्क्याऐंशी नागरिकांनी अर्ज दिलाय की दरवाजेवाल्याचं नाव नव्या दगडावर नको. ज्याने माणसं मारली त्याचं नाव मेलेल्यांच्या रांगेत कसं? कुणाची हरकत असल्यास शुक्रवारच्या सभेत मांडावी.

‘‘मागे बघा. पुरावा जोडलाय,’’ काका म्हणाले.

पुरावा म्हणजे कादंबरीच्या अकरा पानांची झेरॉक्स, आणि बारावी झेरॉक्स माझ्या चिठ्ठीची. खाली माझी सही, वाचनालयाच्या शिक्क्यासकट.

‘‘चिठ्ठीत लिहिलंयत ना, भांडायला या म्हणून. आलोय,’’ काका म्हणाले.

मी काय म्हणावं? मी म्हटलं, ‘‘अहो काका, कादंबरी आहे ती. कादंबरीचं काय एवढं मनावर घ्यायचं?’’

‘‘तुम्ही तर लिहिलंय, नुसती कादंबरी नाही.’’

मला तोंडात मारल्यासारखं झालं. तरी मी तोंड बंद ठेवलं नाही. तुमच्याकडे काही कागद आहे का, पत्र आहे का, असं मीच त्यांना विचारलं. ज्यांचं घर त्या पुरात वाहून गेलं त्यांना मी कागद मागत होते.

‘‘आजी सांगायची तेवढंच आहे. वरून साहेबाचा हुकूम आला होता, एकेक दरवाजा उचल, नाहीतर धरण फुटेल. तो उचलत राहिला. उतरला असता तर जगला असता. दोन डोळे होते त्याला, बाई. चांगले दोन होते. मला काही नको. तो तिथे मेला तर त्याचं नाव तिथे राहावं, एवढंच.’’

ते गेल्यावर मी अर्जावरच्या सह्या वाचायला घेतल्या. एकही सही अनोळखी नव्हती. माझे वाचक, माझ्या हातचे! ज्यांना मी दिवाणखान्यातल्या रंगीत मासिकांवरून उठवून इतिहासाकडे आणलं ते. आणि पहिलीच सही माझ्या नणंदेची.

वन्सं माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, तीन गल्ल्या पलीकडे राहतात. मी तशीच चपला घालून गेले. त्या गच्चीत कपडे वाळत घालत होत्या. मी जिना चढता चढताच तोफ डागली.

‘‘वन्सं, तुम्हाला काही वाटलं का सही करताना? शेजारी बसून आयुष्य काढलं त्या माणसाने, तुमच्या लग्नातलं घड्याळ अजून तोच दुरुस्त करतो!’’

त्यांनी चिमटा लावला, दुसरा घेतला. ‘‘त्याच्याशी माझं भांडण नाही. त्याच्या आज्याशी आहे.’’

‘‘त्या आज्याला तुम्ही पाहिलंय?’’

‘‘तूच दाखवलास की. पुस्तक कुणी आणून दिलं मला? मी नको म्हणत होते, माझे डोळे दुखतात. तू म्हणालीस, वन्सं, हे वाचलं नाहीत तर माझ्याशी बोलू नका.’’

मी असंच म्हणाले होते. शब्द न् शब्द.

‘‘आपल्या घरातली तीन माणसं आहेत त्या दगडावर. आजीची जाऊ आणि तिची दोन लेकरं. लहान असल्यापासून मी ती नावं वाचतेय. कुणावर चिडायचं गं? पाण्यावर? पाण्याला काय तोंड आहे? मला पहिल्यांदा कुणीतरी सापडला, वहिनी. पुस्तक वाचून झालं त्या दिवशी मला किती हलकं वाटलं तुला सांगू,’’ वन्सं म्हणाल्या.

मी त्यांच्यावर ओरडायला गेले होते. खाली उतरताना मला कळेना की कुणावर ओरडू.

परत येऊन मी एक प्रत काढली आणि पहिल्या पानापासून बघायला लागले. नुसतं गोष्टीसाठी नाही, सगळंच. अनुक्रमणिकासुद्धा. कादंबरीची अनुक्रमणिका कोण वाचतं? मी तर नाहीच वाचत. शेवटची ओळ होती: ‘लेखकाची टीप, पान ३८४’. मी पुस्तक उलटं केलं. शेवटचं पान ३७६. दुसरी प्रत काढली, ३७६. तिसरी, चौथी, तेच. काय झालं असणार ते मला तेव्हाच कळलं होतं, पण मला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं.

बाइंडर आमच्याच इमारतीच्या मागच्या खोलीत बसतो. वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवून, कापडी पाठ लावून पुन्हा उभी करणं हे त्याचं काम. खोलीत पाऊल ठेवलं की खळीचा वास. मी चार प्रती त्याच्या पुस्तकं दाबायच्या शिकंज्याशेजारी आपटल्या.

‘‘शेवटची आठ पानं कुठायत?’’

त्याने सावकाश पुस्तक चाळलं. ‘‘जाहिराती होत्या, बाई. प्रकाशकाच्या इतर पुस्तकांच्या. तुम्हीच सांगितलंय ना, जाहिराती काढत जा, पुस्तक फुगतं, शिलाई धरत नाही.’’

‘‘सात पानं जाहिराती होत्या. आठव्यावर लेखकाची टीप होती.’’

‘‘जाहिरातींच्या मागे?’’

‘‘हो, मागे!’’

‘‘मग मी कशाला बघतोय तिथवर? आणि तुम्ही तरी पाहिलंत का?’’

नाही पाहिलं. माझ्या हातात आली तेव्हा प्रत कोरी होती, सगळी पानं जागेवर होती. मी गोष्ट संपली तिथे रडले, जाहिरात दिसली आणि पुस्तक मिटलं. लोकांना प्रस्तावना वाचा म्हणून कानीकपाळी ओरडणारी मी! पुढे सहा महिन्यांत, लोकांनी वाचून वाचून चारही प्रतींचे सांधे निखळले, आणि चारही मी याच खोलीत आणून टाकल्या.

‘‘काढलेली पानं मी फेकत नाही. त्याच पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून लावतो. अस्तरासारखी. म्हणजे पुठ्ठा वाकत नाही,’’ बाइंडर म्हणाला.

त्याने ओला फडका घेतला आणि पुढच्या पुठ्ठ्याची आतली बाजू भिजवायला लागला. त्या बाजूला माझी चिठ्ठी होती, शिवून आल्यावर मी पुन्हा चिकटवलेली. आधी ती सुटली. मग तिच्याखालचा पांढरा कागद. त्याच्याखाली जाहिरात निघाली. पहिल्या दोन प्रतींत नुसत्या जाहिराती, तिसऱ्या प्रतीत पान निघता निघता चिंध्या झाल्या. चौथ्या प्रतीत माझ्या चिठ्ठीखाली, बरोबर तिच्याखाली, ते पान होतं. कोपरा गेला होता, खळीने पिवळं पडलं होतं, पण वाचता येत होतं.

‘या कादंबरीतला एकडोळ्या माझ्या कल्पनेतला आहे. पुराच्या दिवशी धरणावर जो माणूस होता त्याने लाच घेतल्याचा कसलाही पुरावा मला मिळाला नाही. उलट तो वरून आलेल्या हुकुमाप्रमाणे एकेक दरवाजा उचलत राहिला आणि तिथेच बुडाला, असे दिसते. कथेला खलनायक हवा होता. त्या माणसाच्या घरच्यांनी मला क्षमा करावी.’

मी ते उभ्यानेच वाचलं आणि मेलेल्या माणसाला जेवढ्या शिव्या देता येतात तेवढ्या दिल्या. कथेला खलनायक हवा होता! मग करायचा होतास एखादा राजा, करायचा होतास गिरणीमालक. धरणावर पगारापुरतं चाक फिरवणारा माणूसच सापडला? आठ दिवस माझ्याच वाचनालयात बसून टिपणं काढलीस, मी तुला खिडकीजवळचं टेबल दिलं. आणि माफी मागायची तर पहिल्या पानावर माग ना. भाजीच्या पाककृती, आरोग्यासाठी व्यायाम आणि सात पुस्तकांचा सवलतीत संच, या सगळ्यांच्या मागे जाऊन हळूच पुटपुटायची? बाइंडर मान खाली घालून सुईत दोरा ओवत राहिला.

प्रकाशकाकडे फोन केला. आवृत्ती संपलीय, पुन्हा काढायचा विचार नाही, म्हणाले. शुक्रवार दोन दिवसांवर होता. माझ्याकडे एक पान होतं.

सभा नगरपालिकेच्या सभागृहात भरली. अकरा सभासद, अध्यक्ष मधे, लोक भिंतीला टेकून उभे. वन्सं पहिल्या रांगेत खुर्चीवर. काका इस्त्रीचा सदरा घालून आले होते. मी पान मोठ्याने वाचलं. एकदा वाचून समाधान झालं नाही म्हणून दुसऱ्यांदा वाचलं. वन्संनी पदर तोंडाला लावला होता.

अध्यक्षांनी ते पान बोटाच्या चिमटीत धरून उजेडाकडे केलं. ‘‘हे त्याच पुस्तकातलं कशावरून, बाई? सुटं पान आहे. फाटलंय.’’

‘‘पान क्रमांक बघा. अनुक्रमणिका बघा.’’

‘‘आणि यात तरी काय म्हणतायत? ‘असे दिसते.’ दिसते म्हणजे काय? त्या वेळच्या चौकशीचे कागद आम्ही शोधले. वाळवीने खाल्लेत. म्हणजे दोन्हीकडून काही नाही.’’ मग ते हसले. वाईट हसले नाहीत, म्हणून जास्त संताप आला. ‘‘आणि हे बघा. हा इतिहास आहे, असं तुम्ही सहीनिशी लिहून दिलंय. गावाने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला. तुम्ही तेव्हा चुकलात की आता चुकताय?’’

‘‘तेव्हा. बारा वर्षं चुकत होते. आणखी कसं सांगू? माझं नाव काढा कुठून काढायचं ते, त्याचं कशाला काढताय?’’ मी म्हटलं.

लोकांत कुजबुज झाली. अध्यक्ष काकांकडे वळले. ‘‘तुम्ही बोला. तुम्ही वाचलीय ना कादंबरी?’’

‘‘नाही,’’ काका म्हणाले.

‘‘न वाचताच हरकत घेताय?’’

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बरेच जण हसले. काकांनी तोंड उघडलं, पण बोलायचं ते सगळं त्या हसण्यात वाहून गेलं, आणि ते खाली बसले. माणसाने स्वतःच्या आज्याची बदनामी आधी नीट वाचून मग यावं, अशी त्या खोलीची अपेक्षा होती. मला प्रत्येकाची मान धरून हलवावीशी वाटली. यांतल्या प्रत्येकाला मी वाचायला शिकवलं होतं. अक्षरं नाहीत, पण वाचायला मीच शिकवलं होतं.

ठराव असा झाला की नाव वादग्रस्त आहे, तरी तूर्त ते नव्या दगडावर घालू नये. सात हात वर, चार खाली. बाहेर पडताना वन्सं माझ्यासमोरून गेल्या. मी म्हटलं, ‘‘वन्सं, ऐकलंत ना ते पान?’’

‘‘ऐकलं. खरं असेल ते,’’ त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरल्या.

त्या आठवड्यात मी जे करायला हवं होतं ते केलं. बारा वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते. चारही प्रतींमधल्या माझ्या चिठ्ठ्या गेल्या. टिपेची मोठ्या अक्षरांत प्रत काढली आणि बाइंडरकडून चारही पुस्तकांत अगदी पहिल्या पानाच्याही आधी शिवून घेतली. चिकटवली नाही, शिवली, म्हणजे कुणाला उपटता येऊ नये. आता जो कुणी ही कादंबरी उघडेल त्याला आधी खरं काय ते वाचावं लागेल, मग गोष्ट. माझी खात्री होती की एवढं केलं की निदान यापुढचं बिघडणार नाही. दगडाचं पुढच्या वर्षी बघू, लोक वाचतील, हळूहळू वळतील, पुन्हा अर्ज करू. इतकं मी मनाशी पक्कं केलं होतं.

शिवून आलेली पहिली प्रत नेली घड्याळवाल्या काकांनीच. ‘‘द्या,’’ म्हणाले, ‘‘पुन्हा कुणी विचारलं तर हो म्हणता यायला हवं.’’ मी ती त्यांच्या हातात देताना म्हटलं, ‘‘आधी ते पहिलं पान वाचा हं, काका.’’ ते बरं म्हणाले.

त्यानंतरच्या सोमवारी नवा दगड बसला. बासष्ट नावं. मी बघायला गेले नाही.

मंगळवारी सकाळी वाचनालय उघडलं तेव्हा काका दाराशीच उभे होते. पुस्तक काखेत. आत येऊन त्यांनी ते टेबलावर ठेवलं, नीट, कोपरे जुळवून. मी खुर्ची पुढे केली. मला वाटलं, आता बोलतील. लेखकाला बोलतील, मला बोलतील. मी आठ दिवस त्याचीच वाट बघत होते.

‘‘चांगलं लिहिलंय,’’ ते म्हणाले.



‘‘तुम्ही शिवलेलं पान आधी वाचलं. दोनदा वाचलं. मग सुरू केली. दुकान बंद ठेवलं परवा.’’ त्यांनी पुस्तकावर हात ठेवला आणि काढला. ‘‘तो साखळी घेतो ना, आणि खाली त्या बाईचं लेकरू अंगणात असतं, आणि तो चाकाला हात घालतो. तिथे मला त्याचा राग आला, बाई. इतका आला की मी मोठ्याने शिवी दिली. घरात एकटाच होतो. आजी सांगायची ते सगळं मला ठाऊक, तुमचं पान वाचलेलं, आणि तरी मी म्हटलं, मेलास ते बरं झालं.’’

बाहेर वाचक जमायला लागले होते. कुणीतरी वर्तमानपत्राच्या टेबलाशी खुर्ची ओढली.

‘‘दोन पानं पुढे गेल्यावर आठवलं,’’ काका म्हणाले, ‘‘की हा माझा आजा.’’

मी त्यांना बसा म्हटलं. ते बसले नाहीत. त्या एक्क्याऐंशी जणांच्या अर्जावर सही करायची मुदत संपली का, एवढं त्यांनी विचारलं.